मामांची आरडी ३५०: रंगाच्या आधी हवा बघा

निपाणीहून एका तरुणाने विचारले आहे. त्यांचे थोरले मामा गेल्या वर्षी वारले. मामांची राजदूत ३५० तंबाखूच्या जुन्या वखारीत चौदा वर्षे पोत्यांखाली उभी होती. गाडी कोल्हापूर पासिंगची, कागद मामांच्या नावावर. किक खाली जात नाही. एक ओळखीचा माणूस म्हणतो, आधी टाकी आणि साइड पॅनल रंगवून घेऊ, क्रोम करू, इंजिन नंतर बघता येईल. दुसरा भंगारापेक्षा बरा भाव द्यायला तयार आहे. विकू की उभी करू, आणि उभी करायची तर सुरुवात कुठून करू, असा प्रश्न आहे.

विकू नका. भंगारापेक्षा बरा भाव देणाऱ्याला ती गाडी काय आहे हे पक्के ठाऊक आहे.

यामाहाच्या आरडी ३५०चे हे भारतीय रूप. एस्कॉर्ट्सने १९८३ ते १९८९ या काळात ती आपल्याकडे बनवली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. जपानी मूळ गाडीची ताकद ३९ हॉर्सपॉवर होती. इथे आधी आली ती हाय टॉर्क, ३०.५ हॉर्सपॉवरची, आणि पेट्रोल जास्त पिते या तक्रारीमुळे नंतर आली ती लो टॉर्क, २७ची. बुलेट ३५० तेव्हा १८ हॉर्सपॉवरची होती, हे लक्षात घेतले म्हणजे हायवेवर हिने काय खळबळ उडवली असेल ते कळेल. बेळगावात मी बत्तीस वर्षे टू-स्ट्रोक गाड्या खोलतोय. जावा, येझदी, आरएक्स, सगळ्या हाताखालून गेल्या. पण आरडीचे इंजिन उघडताना मी आजही हात धुऊन बसतो.

पान्याला हात लावण्याआधी एक काम करा. मामींकडे जा. गाडी मामांच्या नावावर आहे, म्हणजे कायद्याने ती आधी त्यांच्या वारसाकडे जाते, भाच्याकडे नाही. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर गाडी करायचा अर्ज फॉर्म ३१ वर होतो. त्यानंतर मामींकडून तुमच्याकडे येईल ती फॉर्म २९ आणि ३० वर. मुदत उलटली असेल तर दंड भरावा लागेल, पण काम होते. गाडी इतकी जुनी आहे की तिची नोंद आरटीओच्या संगणकावर चढलेली आहे का, हेही कोल्हापुरात विचारून घ्या. नसेल तर जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते आणि त्याला चकरा पडतात. पंधरा वर्षांची मूळ नोंदणी कधीच संपली असेल. तिचे नूतनीकरण गाडी दाखवल्याशिवाय होत नाही. शिवाय आपण सीमेवरची माणसे. घर निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, आणि पासिंग कोल्हापूरचे, हे आपल्याकडे घरोघरी असले तरी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या गाडीची नोंदणी तिथे करून घ्यावी लागते. म्हणजे कोल्हापूरची एनओसी आणि मग चिकोडी आरटीओचा केए २३ नंबर. मामांचा जुना तीन अक्षरी नंबर त्यात जातो. त्याचे वाईट वाटणार असेल, तर ते आत्ताच मामींशी बोलून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे, पण आरडी अजून त्या वयाची झालेली नाही.

आता गाडीकडे येतो.

अडकलेल्या किकवर उभे राहून उड्या मारू नका. चौदा वर्षांत पिस्टनवरच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असतात. जोर लावला की रिंग मोडते आणि तिचा तुकडा पोर्टात, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत, अडकून सिलिंडरला चर पाडतो. दोन्ही प्लग काढा. प्रत्येक भोकात अर्धा कप डिझेल आणि थोडे गिअर ऑइल ओता आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे हलवत राहा. एक दिवस ते केसभर हलेल. हलले की थांबा, पुन्हा तेल ओता. घाईने सुटलेले इंजिन मी सहसा चांगल्या अवस्थेत पाहिलेले नाही.

रंग आधी करू नका, असे मी का म्हणतो ते नीट सांगतो, कारण माझे सगळे सांगणे त्यातच आहे.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसात, म्हणजे पिस्टनखाली क्रँकचा दांडा फिरतो त्या पेटीत, तेल असते. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी होते, कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण रीड व्हॉल्व्ह (फक्त आतल्या बाजूला उघडणारी पातळ पाती) उघडून त्या पोकळीत शिरते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टातून वर जाते. हा पंप कुठेही फुटका असला की बाहेरची हवा आत शिरते. तिच्याबरोबर ना पेट्रोल येते, ना ऑइल. मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. आरडीमध्ये हे पंप दोन आहेत, डावा आणि उजवा. क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी सील आणि मध्ये दोघांना वेगळे ठेवणारे लॅबिरिंथ सील. चौदा वर्षे उभ्या गाडीत टोकाच्या सीलांचे ओठ प्लास्टिकसारखे कडक झालेले असतात. वरून रंग कितीही चकाकला तरी ते तसेच राहतात.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझी पहिली आरडी मी १९९६ साली उभी केली. टाकी रंगवली, नवे पिस्टन, नवे बोअरिंग (सिलिंडर आतून कातून नव्या पिस्टनच्या मापाचा करणे), सगळे केले. सील तेवढी जुनी ठेवली, कारण वरून ती ठीक दिसत होती. कोल्हापूरहून परत येताना निपाणी मागे टाकली आणि तवंदी घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये गाडी अचानक जड झाली. आधी एक बारीक, कोरडा आवाज आला, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मग मागचे चाक लॉक झाले. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून मी वाचलो. मागून उसाचा ट्रक येत होता. घाटाच्या कडेला बसून गाडी थंड होऊ दिली, दुसऱ्या दिवशी हेड आणि सिलिंडर काढले. डावा पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूला वरपासून खालपर्यंत ओरखडलेला होता. उजवा अगदी निरोगी. डाव्या टोकाचे सील हातात घेतले तर त्याची बारीक स्प्रिंग गंजून तुटलेली होती. त्या दिवसापासून चाचणी केल्याशिवाय एकही टू-स्ट्रोक मी रस्त्यावर सोडलेली नाही.

चाचणीला महागडे काही लागत नाही. रक्तदाब मोजायच्या मशीनचा रबरी फुगा आणि घड्याळासारखा गेज, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी शीट आणि पट्टी लावून बंद करा. कार्बोरेटर काढा, पण इनटेकची रबरे जागेवरच ठेवा, कारण तीही चिरलेली असतात आणि तीही तपासायची आहेत. त्या रबरांत लेथवर कातलेले ॲल्युमिनियमचे बूच बसवून क्लिप आवळा. एका बुचाला आरपार भोक पाडून फुग्याची नळी जोडा. ऑइल पंपाच्या बारीक नळ्या आत शिरतात ती भोकेही बंद करा. प्लग जागेवर घट्ट. डावा पिस्टन खाली ठेवून डावी बाजू तपासायची, मग उजवा खाली ठेवून उजवी. मधल्या लॅबिरिंथमधून थोडी हवा पलीकडे जाणारच, म्हणून दोन्ही बाजू एकाच वेळी बंद हव्यात.

फुगा दाबत गेजची सुई २८० ते ३०० पर्यंत न्या, म्हणजे साधारण सहा पीएसआय. त्याहून जास्त नको. वर गेलात तर चांगले सीलही जागेवरून सरकते. मग घड्याळ लावून सहा मिनिटे नुसते बघा. सुई जवळजवळ जागेवर राहिली पाहिजे. मिनिटाला पन्नासहून जास्त उतरली, तर ते इंजिन सुरू करायच्या लायकीचे नाही, कितीही नवे सामान घातलेले असो. उतरत असेल तर साबणाचे पाणी ब्रशने लावत शोधायचे. सिलिंडरच्या पायाशी, रीड ब्लॉकच्या कडांना, क्रँककेसच्या जोडावर. डावे कव्हर आणि रोटर काढला की डावे सील दिसते, तिथे बुडबुडे येतात. उजवे सील क्लचच्या मागे असते, दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पापुद्रा धरा. तो फुगायला लागला तर हवा उजव्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये चालली आहे. रस्त्यावर हेच सील उलटे वागते. गिअर ऑइल आत ओढते, उजव्या सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी कमी होत जाते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एक म्हातारे टर्नर आहेत, आयुष्यभर क्रँकच दाबले. कन्नड माणूस, मराठी समजते पण बोलायचे कन्नडमध्येच. मी इंजिन घेऊन गेलो की ते गेज बघतसुद्धा नाहीत. कान लावतात आणि म्हणतात, "गाळी होगतैती." हवा जातेय. बहुतेक वेळा बरोबर निघते.

आणि हेच आपल्या भागाचे बळ आहे. लोक मला विचारतात, इंजिन बेंगळुरूला पाठवू का. कशाला? एका बाजूला बेळगावची उद्यमबाग, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरची शिरोली आणि गोकुळ शिरगाव. फाउंड्री आणि मशीन शॉप यांवर हा पट्टा जगतो. शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारी माणसे तुमच्या घरापासून तास-दीड तासाच्या आत आहेत. फक्त मोटारसायकलवाल्याकडे न जाता क्रँकवाल्याकडे जायचे.

आरडीचा क्रँक दाबून जोडलेला असतो. हायड्रॉलिक प्रेसवर उघडून नवे कनेक्टिंग रॉड आणि पिन, नवी बेअरिंगे आणि लॅबिरिंथ घालून पुन्हा दाबायचा, आणि मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजने फिरता तपासायचा. ०.०३ मिमीच्या वर डोलत असेल तर परत द्या. "चालतंय की" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. या इंजिनचे क्रँककेस आडवे उघडते, त्यामुळे क्रँक बाहेर काढलेला असतानाच दोन्ही सील नवी बसवून घ्या. नंतर बाहेरून ठोकून बसवलेल्या सीलवर माझा विश्वास नाही.

सिलिंडरचा मूळ बोअर ६४ मिमी. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी येतात. आधी पिस्टन हातात घ्या, मायक्रोमीटरने मोजा, मग त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या. आधी बोअर करून नंतर पिस्टन हुडकत फिरायचे नाही. बाजारात नकली पिस्टन आणि नकली सील भरपूर आहेत, डबा बघून फसू नका. दोन्ही सिलिंडर एकाच मापाचे. आणि बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टाची कड दगडाने किंचित मोडून घ्या. ही धार राहिली तर रिंग तिच्यात अडकते. अनेक बोअरिंगवाले फक्त फोर-स्ट्रोकचे काम करतात, त्यांच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या नसतात, म्हणून त्यांच्या हे डोक्यातच येत नाही. तुम्ही स्वतः आठवण करून द्या, आणि सिलिंडर घरी आणल्यावर प्रत्येक खिडकीवरून बोट फिरवून बघा.

ऑइल पंप काढून टाकून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा, असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी तो मानत नाही. पंप चांगला असेल तर तो ॲक्सिलरेटरच्या प्रमाणात ऑइल देतो, आपल्या हाताला ते जमत नाही. पंप साफ करा, नळ्यांमधली हवा पूर्ण काढा, केबलची खूण जुळवा. पहिल्या टाकीला मात्र खबरदारी म्हणून पेट्रोलमध्येही थोडे ऑइल घाला. धूर होईल, होऊ द्या.

इग्निशनचे थोडक्यात सांगतो. प्रत्येक सिलिंडरला वेगळे पॉइंट, वेगळे टायमिंग. एक बाजू बरोबर म्हणजे दुसरी बरोबर असे होत नाही. दोन्ही बाजू डायल गेजने लावा. हिचा स्पार्क बॅटरीवर चालतो. बॅटरी मेली की किक मारून उपयोग नाही. चांगली बॅटरी आणि घासून साफ केलेली अर्थिंगची जोडणी, एवढ्याने निम्म्या तक्रारी जातात.

पेट्रोलबद्दल मात्र नवी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्याशी जोडलेली आहे. आपल्या कारखान्यांच्या उसातून निघणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच आहे. पण १९८०च्या दशकातले रबर त्यासाठी बनवलेले नाही. पेट्रोल कॉकमधले वॉशर, नळ्या, कार्बोरेटरच्या सुईचे टोक फुगतात किंवा चुरा होतात. ही सगळी नवी, इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला. दुसरे म्हणजे इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधले पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोक) मिश्रण थोडे पातळ पडते. पातळ म्हणजे काय ते वर सांगितलेच. मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा. फिकट पांढरा दिसला तर लगेच थांबा, भाजलेल्या कॉफीच्या बीसारखा तपकिरी हवा. तिसरे, इथेनॉल हवेतले पाणी ओढते. खानापूर, जांबोटीच्या पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचे भांडे रिकामे करून ठेवा.

टाकी आतून गंजलेली असेलच. गरम पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून भरा, रात्रभर ठेवा, ओता, लागल्यास पुन्हा करा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून ऑइल फिरवा. टाकीत खडे घालून हलवणाऱ्यांपासून लांब राहा, बाहेरचा पत्रा उचकतो.

ब्रेकला हलके घेऊ नका. जपानी गाडीला पुढे डिस्क होता, आपल्या गाडीला ड्रम दिला, आणि एवढ्या वेगाच्या गाडीला तो कमीच पडतो. पुढच्या ड्रममध्ये दोन्ही बूट (ब्रेक शू) पुढे ढकलले जातात, त्यासाठी बाहेरून दोन लिव्हर एका दांडीने जोडलेले आहेत. त्या दांडीची लांबी चुकली तर एकच बूट काम करतो आणि माणूस ब्रेकला शिव्या देतो. दांडी सोडा, प्रत्येक लिव्हर हाताने वेगळा दाबून बूट ड्रमला टेकतो ती जागा बघा, मग दोन्ही एकाच क्षणी टेकतील अशी दांडी जुळवा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

रंगाचे शेवटी बघू. टाकीवरचा मूळ रंग आणि पट्टे थोडेसे जरी शाबूत असतील तर मी म्हणेन, पॉलिश करा आणि तसेच ठेवा. फ्रेमला पावडर कोटिंग करायचेच असेल तर चासी नंबरावर आधी टेप लावा. जाड कोटिंगने नंबर बुजलेली गाडी मी पाहिली आहे, तपासणीला गेल्यावर मालकाचे जे हाल झाले ते विचारू नका. आणि गाडीवरून काढलेला एकही नट, एकही सायलेन्सर, अगदी गंजलेला मडगार्डसुद्धा टाकू नका. डब्यात भरून नाव लिहून ठेवा. मूळ सामान आता बनत नाही.

पैशाचे म्हणाल तर, जे काही ठरवाल त्यातले निम्म्याहून जास्त क्रँक, सिलिंडर आणि सील यांना ठेवा. उरलेल्यात ब्रेक आणि टायर. त्यातूनही उरले तर क्रोम. उरले नाहीत तर पुढच्या वर्षी.

इंजिन मोकळे झाल्यावर, क्रँककेस उघडण्याआधी, फुग्याची चाचणी एकदा जशी आहे तशीच करा. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. सुई कुठून निघाली, सहा मिनिटांनी कुठे आली, बुडबुडे कुठे दिसले, हे कागदावर लिहा आणि मला कळवा. त्यावरून कुठल्या बाजूपासून सुरुवात करायची ते सांगतो.